स्क्रूची बैठक: सरकत्या दाराच्या पट्टीतली सहा भोकं

मावशीच्या घरातलं सरकतं लाकडी दार भिंतीला घासायला लागलं होतं. गिलाव्यावर एक आडवा ओरखडा उमटला होता, नख अडकेल इतका खोल. दार फुगलं असेल किंवा खालचा रूळ खचला असेल, असं तिला वाटत होतं. मी दार अर्धं सरकवून मागच्या फटीत टॉर्च धरला आणि कारण दिसलं. दाराच्या पाठीवर खालच्या कोपऱ्यात एक लोखंडी पट्टी होती. तिच्यातल्या स्क्रूंची डोकी पट्टीच्या वर आलेली होती, आणि सगळी एकाच रेषेत असल्यामुळे भिंतीवरचा ओरखडाही एकच होता.

ती पट्टी दीड वर्षापूर्वी मीच बसवली होती. दाराची उभी फळी आणि खालची आडवी फळी यांचा सांधा ढिला झाला होता, तो आवळून धरायला माइल्ड स्टीलची ४० मिमी रुंद, ५ मिमी जाड आणि ४५० मिमी लांब पट्टी घेतली होती. सहा एम ६ (६ मिमी व्यासाचे) काउंटरसंक स्क्रू, म्हणजे शंकूसारख्या डोक्याचे, दाराच्या ३२ मिमी जाडीतून आरपार नेऊन पुढच्या बाजूने वायसर आणि नट लावले होते. दार आणि भिंत यांच्यात जागा ७ मिमी. त्यातले ५ पट्टीनेच घेतले, उरले फक्त २. म्हणून काउंटरसंक स्क्रू हवे होते: डोकं पट्टीत बुडून वरचा भाग सपाट राहावा. माझी सहापैकी चार डोकी बुडालीच नव्हती. पहिले काही महिने उरलेल्या १ मिमी फटीवर निभावलं. मग स्क्रू सैल झाले, सांधा पुन्हा हलायला लागला आणि दाराने भिंत गाठली.

स्क्रू सैल का झाले, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. डोकी वर राहणं आणि स्क्रू सैल होणं ही दोन दुखणी वाटतात, पण मूळ एकच निघालं.

डोक्याखालचं कडं

पट्टी काढून स्क्रू फडक्याने पुसले आणि उजेडात धरले. काळ्या रंगाचे स्क्रू होते. डोक्याखालचा उतरता शंकू जवळजवळ सगळा नव्यासारखा काळाच होता. फक्त दांड्याला लागून, शंकू जिथे संपतो तिथे, केसाएवढं बारीक चकचकीत कडं पडलं होतं. सहाही स्क्रूंवर तेच. म्हणजे दीड वर्ष प्रत्येक स्क्रू पट्टीला टेकला होता तो एवढ्याच रेषेवर. बाकीचं डोकं अधांतरी.

कारण मी भोकाचं तोंड १२ मिमीच्या साध्या ड्रिल बिटाने रुंद केलं होतं. काउंटरसिंक, म्हणजे भोकाच्या तोंडाशी शंकू कापायचं हत्यार, हातात नव्हतं, आणि शंकू तो शंकूच, असं मी धरून चालले होते. पण साध्या बिटाच्या टोकाचा कोन ११८ अंश असतो आणि मेट्रिक काउंटरसंक स्क्रूच्या डोक्याचा ९० अंश. पसरट ताटलीत नरसाळं ठेवलं तर ते काठाला टेकत नाही, तळाशीच अडतं. इथे तेच झालं होतं.

आकडे मांडले तर चूक अगदी स्पष्ट दिसते. व्हर्निअरने मोजलेलं डोकं ११.८ मिमी, भोक ६.५ मिमी. ९० अंशाच्या शंकूचं गणित सोपं असतं: दोन व्यासांच्या फरकाचा निम्मा भाग म्हणजे खोली. म्हणजे डोक्याला बुडायला २.६५ मिमी खोली हवी. ११८ अंशाच्या बिटाने १२ मिमी तोंड केलं की शंकूची खोली भरते जेमतेम १.६५ मिमी. स्क्रू तळाच्या कडेवर अडतो आणि डोकं बरोबर १ मिमी वर राहतं. माझ्या पट्टीवर मोजलं, तेवढंच होतं.

त्या वेळी दोन भोकांत डोकं बसेना म्हणून मी तोच बिट आणखी खाली घातला होता. डोकं वरून सपाट दिसायला लागलं आणि मला काम जमल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात ते वाईट झालं. आता डोक्याभोवती विहिरीसारखी पोकळी होती आणि टेकण मात्र त्याच बारीक कडेवर. दार सरकताना बसणारे हादरे त्या कडेवर येत राहिले, कड चेपली आणि चेपली तेवढा स्क्रूचा ताण गेला. मग मी नट आवळत राहिले, कड आणखी चेपत राहिली.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण अशी पट्टी अनेकांकडे असेल. नुसता ११८ अंशाचा शंकू असलेली चार भोकं वाचवता आली असती. तोच काठ धरून ९० अंशाचा शंकू काढला तर तो आधीच्या पसरट शंकूला पूर्ण पोटात घेतो, कारण कापायचं लोखंड अजून जागेवर असतं. ९० अंशाचं काउंटरसिंक चालवलं की बैठक नवी होते. खोल गेलेल्या दोन भोकांत मात्र ते जमत नाही. तिथे डोकं पृष्ठभागाच्या मिलिमीटरभर खाली गेलं असतं आणि त्याच्याखाली पट्टी उरली असती सव्वा मिलिमीटर. शिवाय सगळी भोकं एका रेषेत असल्याने आडव्या फळीत लाकडाच्या रेषेने केसासारखी चीर धरायला लागली होती. पट्टी नवीनच करायची ठरली.

मार्किंग

नवी पट्टी त्याच मापाची, फक्त भोकं नागमोडी: एक वरच्या कडेपासून १२ मिमीवर, पुढचं खालच्या कडेपासून १२ मिमीवर. अशाने लाकडाच्या एकाच रेषेवर ताण येत नाही. आणि १२ मिमी तोंड केल्यावरही कडेला ६ मिमी लोखंड शिल्लक राहतं.

गरम रोलिंगमधून आलेल्या पट्टीवर काळसर निळी पपडी असते. ती लोखंडापेक्षा कडक असते, तिच्यावर स्क्रायबरची रेघ नीट उमटत नाही आणि पंच घसरतो. म्हणून भोकांच्या जागा आधी कानशीने उघड्या करून घेतल्या, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. त्यावर मार्करची शाई फासली, गुण्या लावून रेघा ओढल्या आणि छेदावर बारीक टोकाच्या पंचाने हलकी खूण केली. खूण भिंगातून पाहिली, मगच जाड सेंटर पंचाचा एक घाव. त्या खुणेत कंपासचं टोक ठेवून प्रत्येक जागी दोन वर्तुळं काढली, एक ६.५ मिमीचं आणि एक १२ मिमीचं. ही वर्तुळं साक्षीदार असतात. बिट भरकटला की ती लगेच सांगतात. मार्किंगला मी पाऊण तास दिला, आणि त्या दिवशीचा सगळ्यात उपयोगी पाऊण तास तोच होता.

भोकाचं माप ६.५ का? एम ६ स्क्रू आरपार जाण्याच्या भोकासाठी आयएसओ २७३ या आंतरराष्ट्रीय मानकात तीन मापं आहेत: नेमक्या बसवणीला ६.४, मध्यमला ६.६ आणि सैलसर बसवणीला ७. माझ्याकडे ६.५ चा चांगला धारदार बिट होता आणि तो पहिल्या दोन मापांच्या मधोमध बसतो. काउंटरसंक स्क्रूच्या बाबतीत मी भोक उगाच सैल ठेवत नाही. भोक जितकं मोठं, तितका शंकूचा तळ खाल्ला जातो आणि बैठक अरुंद होते.

हाताने भोक पाडताना

तीन मिलिमीटरचं पायलट भोक, म्हणजे आधीचं बारीक भोक, छोट्या हात ड्रिलने पाडलं आणि ६.५ चं ब्रेस्ट ड्रिलने, ज्याची वरची पाटी छातीला लावून अंगाचं वजन देता येतं. माइल्ड स्टीलमध्ये हायस्पीड स्टीलच्या बिटासाठी मिनिटाला २५ मीटरच्या आसपासचा कापवेग, म्हणजे बिटाच्या काठाचा वेग, धरतात. ६.५ मिमीच्या बिटाला ते मिनिटाला बाराशेच्या आसपास फेरे होतात. माझं ड्रिल वेगवान गिअरमध्ये हँडलच्या तिप्पट फिरतं, म्हणजे मिनिटाला १८० फेरे, फार तर दोनशे. वेग कमी असल्याने बिघडत काहीच नाही, फक्त वेळ लागतो. बिट तापत नाही, त्याची धार जळत नाही. बिघडतं ते दाब कमी पडला की. कमी दाबात बिट कापायचं सोडून घासायला लागतो. खाली लोखंड गुळगुळीत चकाकतं, वर धार मरते.

पायलट भोक का, तेही सांगते. बिटाच्या अगदी टोकाशी दोन धारांच्या मध्ये एक आडवी कड असते. ती कापत नाही, लोखंड रगडून बाजूला सारते. हाताचा निम्मा जोर तिथेच जातो. ६.५ च्या बिटाची ती कड तीन मिलिमीटरच्या भोकात पूर्ण मोकळी राहते, आणि मग हँडल फिरवताना फरक हाताला कळतो.

पट्टी बेंचला दोन जी-क्लॅम्पने बांधली, खाली जाड लाकडी ठोकळा. छोटी पट्टी हातात धरून भोक पाडू नये. बिट आरपार जाताना अडकला तर पट्टी पात्यासारखी फिरते. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे नाहीत.

हाताच्या ड्रिलची अडचण म्हणजे ते कललं तर कळत नाही. डावीकडे उजवीकडे झुकलेलं आपल्याला दिसतं, पुढे मागे झुकलेलं दिसत नाही. मी गुण्या बिटाशेजारी उभा केला आणि मावशीला बाजूला स्टुलावर बसवलं.

“मावशी, गुण्या आणि बिट यांच्यातली फट वर खाली सारखी दिसतेय का, तेवढंच सांगत राहा.”

“वर जास्त दिसतेय. अगं, तुझ्याकडे ओढलं गेलंय ते.”

मी सरळ केलं.

“आता बरोबर. आता पुन्हा चाललं बघ तुझ्याकडे.”

तिसऱ्या भोकापासून तिला सांगावं लागलं नाही. कलण्याचं कारणही तिनेच पकडलं: मी हँडल ओढताना अंगही मागे घेत होते. पाय थोडे फाकवून पुढचा गुडघा बेंचला टेकवला, मग ड्रिल स्थिर झालं. भोक तिरकं गेलं तर काउंटरसिंकही त्याच्या मागोमाग तिरकं जातं आणि डोक्याची एक बाजू वर राहते. त्यामुळे हे सरळपण नुसतं दिसण्यापुरतं नव्हतं.

चौथं भोक भरकटलं. तिथली पपडी मी कोपऱ्यात अर्धवट सोडली होती आणि पंच तिच्या काठावरून घसरला होता. पायलट बिटाने नुसता खळगा केला तेव्हाच साक्षीदार वर्तुळात तो अर्धा मिलिमीटर खालच्या कडेकडे दिसला. बिट पुढे दाबला असता तर तिथेच भोक झालं असतं. उरलेली पपडी कानशीने काढली, सेंटर पंच खळग्याच्या वरच्या भिंतीवर तिरका टेकवला, टोक खऱ्या केंद्राकडे रोखून हलके घाव दिले. खळगा सरकला. मग पंच उभा धरून एक घाव, आणि पुन्हा बिट. मोठ्या बिटाच्या खळग्यासाठी असाच उपाय छिन्नीने करतात. खळगा ज्या बाजूला न्यायचा त्या भिंतीत एक चर पाडतात, बिट त्या चरीकडे ओढला जातो. दोन्ही उपाय बिटाने पूर्ण व्यास धरण्याआधीच चालतात. त्यानंतर भोक जिथे आहे तिथेच राहतं.

दोन थेंब तेल सतत घालत होते. बिटाच्या दोन्ही नळ्यांतून सारखा, कुरळा कीस वर येत असेल तर दोन्ही धारा काम करतायत. एकाच बाजूने आला तर बिटाची धार कमीजास्त आहे आणि भोक मापापेक्षा मोठं होणार. शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला हँडलला बारीक धक्के जाणवतात, आवाज खरखरीत होतो. तिथे अंगाचं वजन काढून घ्यायचं आणि फिरवणं सुरू ठेवायचं. माइल्ड स्टील मऊ असतं, तळाची पातळ कड कापली न जाता बिटाला चिकटून ओढते. खालचा ठोकळा तिथे आधार देतो.

बैठक कापणं

काउंटरसिंक तीन धारांचं, ९० अंशाचं, १२.४ मिमीचं घेतलं. पहिल्या भोकाला ते विजेच्या ड्रिलमध्ये लावलं, आणि ते थरथरलं. ट्रिगर कितीही हलका धरला तरी ड्रिल झटकन वेग घेत होतं. किर्र असा कर्कश आवाज आला, आणि पाहिलं तर शंकूच्या भिंतीवर पाकळ्यांसारख्या लाटा. स्क्रू अशा लाटांच्या माथ्यांवर टेकतो, त्यामुळे दिसायला वेगळी असली तरी दीड वर्षापूर्वीचीच चूक पुन्हा झाली असती.

थरथर होते त्याचं कारण असं. भोक पाडताना बिटाला बाजूंचा आधार असतो. काउंटरसिंकला फक्त शंकूचा आधार, आणि त्याच्या लांब तिरक्या धारा एकाच वेळी लोखंडाला भिडतात. वेग जास्त आणि दाब कमी असेल तर धार किंचित उसळते, खाली लाट सोडून जाते. मागून येणारी धार त्या लाटेवर आदळून आणखी उसळते. एकदा ताल धरला की लाटा वाढतच जातात. उपाय दोनच: वेग खूप कमी करायचा आणि दाब वाढवायचा. काउंटरसिंकचा वेग त्याच मापाच्या बिटाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका धरतात. १२ मिमीला तो मिनिटाला दोनशे फेऱ्यांच्या आसपास येतो. म्हणजे ज्या हाताच्या ड्रिलला भोक पाडायला वेग कमी पडतो, तेच बैठक कापायला अगदी योग्य आहे. मला हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट उमगलं आणि मनापासून आवडलं.

ब्रेस्ट ड्रिल हळू गिअरला टाकलं, जिथे चक (बिट पकडणारा भाग) हँडलइतकाच फिरतो, आणि छातीचं पूर्ण वजन दिलं. पहिल्या भोकातल्या लाटा अजून ताल देत होत्या. म्हणून सुती कापडाचा छोटा तुकडा तेलात भिजवून, दुहेरी घडी करून काउंटरसिंक आणि शंकूच्या मध्ये ठेवला आणि चार-पाच फेरे दिले. कापड धारांचे धक्के शोषून घेतं. लाटांचे माथे आधी कापले गेले आणि भिंत गुळगुळीत झाली. हा उपाय फक्त हाताने फिरवायच्या ड्रिलवर करावा. विजेच्या ड्रिलखाली कापड गुंडाळलं जाऊन बोटं आत ओढली जातात.

उरलेल्या पाच भोकांना कापड लागलंच नाही. हळू गिअर, पूर्ण वजन, थोडं तेल. कीस बारीक पट्ट्यांसारखा, रुंद आणि सलग निघत होता, आवाज जवळपास नव्हताच.

खोली मोजायला मी खोलीच्या नादी लागले नाही, व्यास मोजला. ९० अंशाच्या शंकूत खोली एक मिमी वाढली की व्यास दोन मिमी वाढतो, म्हणून व्यासात चूक दुप्पट मोठी दिसते आणि पकडता येते. तोंड साडेअकराला आल्यावर दोन-दोन फेरे देऊन थांबायचं, कीस पुसायचा आणि स्क्रू उलटा धरून त्याचं डोकं तोंडावर ठेवायचं. डोक्याचा काठ आणि तोंडाचा काठ जुळले की थांबायचं. पहिलं भोक लाटा काढण्यात १२.४ पर्यंत गेलं, तिथे डोकं पृष्ठभागाखाली ०.३ मिमी बसलं. बाकीची पाच ११.९ च्या आतबाहेर.

मग एका नव्या स्क्रूच्या शंकूला मार्करची शाई लावली, भोकात घालून अर्धा फेरा दिला आणि बाहेर काढला. शाई सगळीकडून सारखी पुसली गेली होती, काठापासून दांड्यापर्यंत. सहाही भोकांत हे करून पाहिलं.

बसवणी

पट्टीच्या मागच्या बाजूला भोकांच्या कडेला आलेली बोचरी धार, म्हणजे बर, काउंटरसिंकचा अर्धा फेरा देऊन काढली, नाहीतर पट्टी लाकडावर सपाट बसत नाही. तेल पुसून रेड ऑक्साइड आणि वर रंग दिला. बैठकीत मात्र अगदी पातळ हात, कारण तिथे जाड रंग साचला की डोकं पुन्हा वर येतं. दारातली जुनी भोकं लाकडी खुंट्या गोंदाने ठोकून बुजवली, पट्टी क्लॅम्पने बांधून तिच्याच भोकांतून लाकूड ६ मिमी बिटाने पाडलं. स्क्रू ४५ मिमीचे. काउंटरसंक स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात, हे घेताना लक्षात ठेवावं लागतं. पट्टी ५, लाकूड ३२, मग वायसर आणि नट, एवढ्याला ४५ पुरतात, टोक दीडेक मिलिमीटर बाहेर राहतं.

स्टीलची फूटपट्टी कड टेकवून सहाही डोक्यांवरून सरकवली. ती कुठेच अडली नाही. दार मागे सरकवलं आणि फटीतून दुहेरी घडी केलेला कागद खालपर्यंत ओढला, तो मोकळा आला. मावशीने दार तीन वेळा पुढे मागे केलं आणि म्हणाली, “आवाज गेला. ओरखड्याचं मी बघते.”

आठ महिन्यांनी गेले तेव्हा तिची परवानगी घेऊन मधला एक स्क्रू काढून पाहिला. नट सुरुवातीला जितका घट्ट होता तितकाच होता, पाना लावल्यावर एकदम सुटला नाही. शंकू पुसून उजेडात धरला. दांड्यालगतचं ते बारीक कडं यावेळी नव्हतं. काठापासून खालपर्यंत सगळा शंकू एकसारखा मंद करडा घासला गेला होता. तसाच पुसून परत घातला.